सेन्सर स्वतःचंच तापमान सांगतो: डिजिटल सेन्सरचा वेग आणि अचूकता तपासताना

औषधांच्या फ्रिजमध्ये डिजिटल सेन्सर बसवून तापमानाची सतत नोंद ठेवायची, असं आमच्याकडे नोव्हेंबरात ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. सेन्सर जोडणं, त्यातून आकडे वाचणं मला येत होतं. पण पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न आले. सेन्सरने दाखवलेला आकडा बरोबर कशावरून? आणि फ्रिजचं दार उघडं राहिलं तर ते सेन्सरला किती वेळात कळेल? दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लसी आणि बरीच औषधं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात. एवढ्याशा पट्ट्यात अर्धा अंश इकडे-तिकडे झाला तरी फरक पडतो. त्यामुळे "साधारण बरोबर असेल" म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

तेव्हापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जे केलं ते क्रमाने लिहिते आहे. अशी एखादी सलग हकीकत मला आधी वाचायला मिळाली असती तर धास्ती बरीच कमी झाली असती.

सुरुवात डेटाशीटपासून, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकापासून केली. समोर चार प्रकार होते: डीएस१८बी२० (तीन पायांचा सुटा, आणि स्टीलच्या नळीत बंद करून मिळतो तो), एमसीपी९८०८, टीएमपी११७ आणि डीएचटी२२. डीएस१८बी२० उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान ±०.५ अंशाची हमी देतो. डीएचटी२२चीही अचूकता ±०.५ लिहिलेली असते, पण तो दोन सेकंदांतून एकदाच वाचायचा असतो. एमसीपी९८०८ साठी ±०.२५ हा मोठा आकडा आधी डोळ्यांत भरतो, पण तो नेहमी आढळणारा फरक. कमाल हमी ±०.५ चीच आहे. टीएमपी११७ उणे २० ते ५० अंशांत कमाल ±०.१ म्हणतो. डेटाशीट वाचताना 'टिपिकल' आणि 'मॅक्सिमम' हे दोन रकाने वेगळे वाचा. तुलना करायची तर मॅक्सिममची मॅक्सिममशी करा.

दुसरी गोष्ट रेझोल्यूशनची, म्हणजे आकडा किती बारीक पायऱ्यांनी दिसतो त्याची. डीएस१८बी२० बारा बिटांवर ०.०६२५ अंशाच्या पायऱ्यांनी आकडा देतो. पडद्यावर ४.८१२५ असं दिसलं की मनात आपोआप विश्वास बसतो. पण पायरी किती बारीक आहे आणि आकडा खऱ्या तापमानाच्या किती जवळ आहे, यांचा एकमेकांशी संबंध नाही. तोच सेन्सर ०.०६२५ च्या पायऱ्यांनी अगदी नेमकेपणाने ०.४ अंश चुकीचं सांगू शकतो आणि तरीही डेटाशीटच्या हमीतच राहतो.

वेगाबद्दल डेटाशीटमध्ये 'कन्व्हर्जन टाइम' सापडतो. डीएस१८बी२० ला बारा बिटांवर कमाल ७५० मिलिसेकंद लागतात, नऊ बिटांवर ९३.७५. टीएमपी११७ चं एक मोजमाप १५.५ मिलिसेकंदांत होतं. सुरुवातीला वाटतं, हाच सेन्सरचा वेग. पण हा वेळ आहे सेन्सरच्या आतल्या सिलिकॉन चिपचं तापमान आकड्यात मांडायला लागणारा. बाहेरच्या हवेचं किंवा पाण्याचं तापमान त्या सिलिकॉनपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, याचा त्यात हिशोबच नाही. कोणताही सेन्सर फक्त स्वतःचंच तापमान सांगतो. ते आजूबाजूच्या तापमानाइतकं केव्हा झालं, किंवा झालं का, हे आपणच शोधायचं असतं. पुढची सगळी कामं याच एका वाक्याभोवती फिरली.

तुलना करायला एक विश्वासार्ह थर्मामीटर लागतो. आमच्याकडे पीटी१०० प्रोब (प्लॅटिनमच्या विद्युतरोधावरून तापमान सांगणारा दांडा) असलेला, ०.०१ अंशापर्यंत दाखवणारा हातातला थर्मामीटर होता, पण त्याचं कॅलिब्रेशन (प्रमाणित उपकरणाशी ताडून केलेली तपासणी) जुनं झालं होतं. तो कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत पाठवायचा, हे सगळ्यांत आधी केलं. तुम्हीही हेच आधी करा, कारण सगळ्यात लांबलचक प्रतीक्षा इथेच असते.

प्रयोगशाळा निवडताना मानांकन आयएसओ/आयईसी १७०२५ चं (प्रयोगशाळांच्या सक्षमतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं) आहे का, एवढंच पाहून भागत नाही. मानांकनासोबत 'स्कोप' नावाचं परिशिष्ट असतं. कोणती राशी, किती ते किती अंश, आणि त्या टप्प्यात त्यांची सर्वांत लहान अनिश्चितता (मोजलेल्या आकड्याभोवती धरायची शंकेची मर्यादा) किती, हे त्यात लिहिलेलं असतं. तापमानाचं मानांकन आहे, पण ते फक्त भट्टीच्या तापमानांसाठी, असंही असू शकतं. मग आपल्या ५ अंशांसाठी त्या कागदाचा उपयोग नाही. मी स्कोप मागवून घेतला, त्यात शून्याच्या आसपासचा टप्पा पाहिला आणि मगच अर्ज भरला.

अर्जातले प्रश्न पहिल्यांदा बिचकवतात. कोणत्या बिंदूंवर तपासायचं? बिंदूंप्रमाणे शुल्क वाढतं, म्हणून उगाच दहा बिंदू मागू नयेत. मी ०, ५, १० आणि २५ अंश लिहिले, कारण फ्रिजचा पट्टा आणि खोलीचं तापमान यात येतं. प्रोब किती खोल बुडवायचा? याचा विचारच मी केला नव्हता. तिथल्या तंत्रज्ञांनी फोनवर समजावलं, "मॅडम, तुम्ही नंतर जितका बुडवणार आहात तितका लिहा. कमी बुडवला तर दांड्यातून बाहेरची उष्णता आत उतरते आणि आकडा बदलतो." 'पास की नापास' असा शेरा हवा का? हवा असेल तर कोणती मर्यादा धरायची आणि मोजमापाची अनिश्चितता त्यात कशी मोजायची, हेही आधीच ठरवून द्यावं लागतं. मी शेरा मागितला नाही, फक्त आकडे मागितले. आणखी एक विनंती आवर्जून केली: उपकरणात काही बदल करण्याआधी, आलं तसं असतानाची रीडिंगं नोंदवा. ती नसतील तर गेल्या काळात थर्मामीटर किती सरकला ते कधीच कळत नाही.

एका थर्मामीटरच्या प्रमाणपत्राचा खर्च सगळ्या सेन्सरच्या एकत्रित किमतीपेक्षा जास्त झाला. मंजुरी घेताना याचंच उत्तर द्यावं लागलं. मी टिपणात लिहिलं की प्रत्येक सेन्सर बाहेर पाठवण्याऐवजी एकच थर्मामीटर पाठवायचा आणि बाकीचे त्याच्याशी आपणच ताडून बघायचे, म्हणजे एकूण खर्च कमी. ते पटलं. मंजुरी, पाठवणं आणि परत येणं यात डिसेंबर निघून गेला.

या मधल्या काळात सेन्सर जोडून घेतले आणि डीएस१८बी२० ची ओळख पटवली. या सेन्सरच्या नकला बाजारात खूप आहेत. म्हणून प्रत्येकाचा ६४ बिटांचा क्रमांक वाचून ठेवला, रेझोल्यूशन बदलायची आज्ञा दिली आणि ते खरंच बदललं का ते परत वाचून पाहिलं. स्वतंत्र वीजपुरवठ्यावर हा सेन्सर मोजमाप चालू असताना ० आणि संपल्यावर १ पाठवतो, त्यामुळे त्याला प्रत्यक्षात किती वेळ लागतो तेही मोजता येतं. ७५० मिलिसेकंद ही कमाल मर्यादा. बहुतेकांनी त्याआधी काम संपवलं. दोन सेन्सर रेझोल्यूशनची आज्ञा जुमानत नव्हते, ते बाजूला काढले. तारेवर ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (रिकामी तार वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा) लावला आणि प्रत्येक रीडिंगचा सीआरसी (आकडा वाटेत बिघडला का ते सांगणारा पडताळा-अंक) तपासूनच नोंद घ्यायची असं प्रोग्रॅममध्ये ठेवलं.

इथे दोन आकडे ओळखून ठेवावेत असे आहेत. ८५.० दिसलं तर ते बहुधा तापमान नसतं; वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होण्याआधी या सेन्सरच्या स्मृतीत तोच आकडा असतो. आणि आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरच्या प्रचलित लायब्ररीत उणे १२७ आला तर सेन्सरशी संपर्क तुटला आहे. हे दोन्ही सरासरीत मिसळले तर पुढचं सगळं बिघडतं, म्हणून नोंद करतानाच वगळून वेगळ्या तक्त्यात ठेवायचे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थर्मामीटर परत आला. प्रमाणपत्र हातात घेतल्यावर मोठा दिलासा वाटला, पण ते शांतपणे वाचावं लागतं. त्यात संदर्भ तापमान, आपल्या थर्मामीटरचं रीडिंग, 'करेक्शन' आणि अनिश्चितता असे रकाने होते. करेक्शन म्हणजे रीडिंगमध्ये मिळवायचा आकडा. काही प्रमाणपत्रांत त्याऐवजी 'एरर' देतात आणि त्याचं चिन्ह बरोबर उलटं असतं. रकान्याचं नाव वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. अनिश्चिततेपुढे 'के बरोबर २' असं लिहिलेलं असतं; म्हणजे खरं मूल्य त्या मर्यादेत असण्याची खात्री सुमारे ९५ टक्के. आणि पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख त्यावर नव्हती. आमच्या कार्यालयात ती उणीव वाटून कागद परत पाठवायची चर्चा सुरू झाली. पण १७०२५ प्रमाणे ग्राहकाने मान्य केल्याशिवाय प्रयोगशाळेने मुदत सुचवायचीच नसते. मुदत आपण ठरवायची. आम्ही एक वर्ष ठरवली आणि तसं फाइलमध्ये नोंदवलं.

पहिली खरी चाचणी बर्फाची. शून्य अंश घरबसल्या मिळवायचा याहून चांगला मार्ग नाही. पण 'बर्फाचं पाणी' आणि बर्फाचा बिंदू यांत फरक आहे. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे गोठणबिंदू खाली जातो, म्हणून बर्फही डिस्टिल्ड वॉटरचाच केला. फ्रीझरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. तो बारीक फोडून, वितळायला लागून ओला दिसेपर्यंत थांबायचं. मग रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठासून भरायचा आणि फटी भरतील इतकंच थंड डिस्टिल्ड वॉटर घालायचं. बर्फ तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं. याचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे: ते ४ अंशांच्या आसपास सर्वांत जड असतं. बर्फ वर तरंगला की तळाशी ४ अंशांकडे झुकलेलं पाणी साचतं आणि खोल बुडवलेला सेन्सर नेमका तिथे जाऊन बसतो. त्यामुळे तळापर्यंत बर्फ असला पाहिजे, आणि साचलेलं पाणी अधूनमधून काढून टाकायचं.

पीटी१०० आधी घातला. करेक्शन लावल्यावर तो शून्यापासून ०.०२ अंशाच्या आत आला. त्या क्षणी थर्मासवर, प्रमाणपत्रावर आणि माझ्या हातावर एकदमच विश्वास बसला. मग स्टीलच्या नळीतले सेन्सर घातले. पातळ दांड्याचा प्रोब त्याच्या जाडीच्या निदान दहापट तरी बुडलेला असावा असा संकेत आहे. या नळ्या सुमारे ६ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब. म्हणजे नळी तर पूर्ण आत जायला हवीच, शिवाय केबलचाही थोडा भाग बर्फात हवा, कारण तांब्याच्या तारा बाहेरची ऊब आत आणतात. नळी अर्धी बाहेर ठेवून पाहिलं तर आकडा दशांशांनी वर चढला, पूर्ण बुडवल्यावर खाली आला. डेटाशीटमध्ये न दिसणारी ही चूक सेन्सरच्या स्वतःच्या चुकीएवढी होऊ शकते.

बहुतेक डीएस१८बी२० शून्यावर ±०.२ च्या आत निघाले. एकच ०.३७ जास्त दाखवत होता. तोही हमीत बसतो, म्हणून फेकला नाही. आकडा लिहून ठेवला.

एकाच बिंदूवरची तपासणी पुरत नाही. शून्यावर ०.२ चुकणारा सेन्सर ८ अंशांवरही तेवढाच चुकेल असं गृहीत धरता येत नाही. म्हणून ५, १० आणि २५ अंशांवर पाण्यात तुलना केली. अडचण अशी की मोठ्या भांड्यातल्या पाण्यातही वर-खाली, कडेला-मधोमध तापमान वेगळं असतं. यावर उपाय म्हणून ॲल्युमिनियमचा एक ठोकळा घेतला, त्यात नळ्यांच्या मापाची खोल भोकं पाडून घेतली, प्रत्येक भोकात थोडी थर्मल पेस्ट भरली आणि मधल्या भोकात पीटी१०० बसवला. ठोकळा जाड प्लास्टिक पिशवीत ठेवून पाण्यात सोडला आणि पाणी चुंबकीय ढवळणीने सतत फिरतं ठेवलं. ठोकळ्यातले सगळे एकाच तापमानाला येतात, आणि ठोकळा जड असल्यामुळे ते तापमान सावकाश बदलतं. या चाचण्यांत सगळ्यात जास्त समाधान या ठोकळ्याने दिलं. फक्त सर्किट बोर्डावरचे एमसीपी९८०८ आणि टीएमपी११७ भोकात मावत नाहीत. ते पातळ पिशवीत बंद करून, हवा काढून, ठोकळ्याच्या सपाट बाजूला दाबून बांधले.

पाणी हळूहळू तापतच असतं, ते पूर्ण थांबत नाही. म्हणून वाचायचा क्रम ठरवला: आधी पीटी१००, मग सेन्सर, मग पुन्हा पीटी१००. दोन्ही पीटी१०० रीडिंगांची सरासरी मधल्या सेन्सरशी ताडायची. असं केल्याने सावकाश सरकणाऱ्या तापमानाचा परिणाम जवळजवळ निघून जातो. प्रत्येक बिंदूवर स्थिर व्हायला मोठी वाट पाहावी लागली, बऱ्याचदा संध्याकाळी सुरू करून सकाळी नोंदी घेतल्या. टीएमपी११७ चे सगळे नग पीटी१०० च्या ०.१ अंशाच्या आत राहिले. आणि त्या ०.३७ वाल्याचा फरक दहा अंशांवर ०.३१ आणि पंचवीसवर ०.२२ झाला. एकच आकडा वजा करून भागवलं असतं तर पंचवीसवर उलट्या दिशेने चूक झाली असती.

फेब्रुवारीत वेगाकडे वळले. तापमान एकदम बदललं की सेन्सर सुरुवातीला झपाट्याने आणि मग मंद होत नव्या तापमानाकडे जातो. एकूण बदलाच्या ६३.२ टक्के अंतर कापायला लागणारा वेळ म्हणजे त्याचा टाइम कॉन्स्टंट. तिप्पट वेळात ९५ टक्के, पाचपट वेळात ९९ टक्क्यांहून थोडं जास्त. हे मोजायला सेन्सर बर्फातून काढून ४० अंशांच्या फिरत्या पाण्यात चटकन घालायचा आणि २५.३ अंश कधी गाठतो ते पाहायचं. फक्त त्या एका क्षणावर विसंबू नका. पाण्याचं आणि सेन्सरचं तापमान यांतला फरक लॉगरिदमिक आलेखावर मांडा. रेघ सरळ आली तर एकच टाइम कॉन्स्टंट पुरतो. स्टीलच्या नळीची रेघ सुरुवातीला वाकलेली आली, कारण आधी स्टील तापतं, मग आतला इपॉक्सी, मग सिलिकॉन.

फिरत्या पाण्यात सुटा सेन्सर (पायांना हीट-श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी, आणि सिलिकोन सीलंट लावून) दोन-तीन सेकंदांचा निघाला. इतक्या चपळ गोष्टीसाठी बारा बिटांचे ७५० मिलिसेकंद फार मंद पडतात; दहा बिट घेतले की १८७.५ मिलिसेकंदांत ०.२५ अंशाची पायरी मिळते, ती या कामाला पुरते. नळीतला सेन्सर दहा सेकंदांच्या आसपास. मग तीच नळी पाण्यातून पुसून स्थिर हवेत टांगली आणि टाइम कॉन्स्टंट पाच मिनिटांच्या पुढे गेला. सेन्सर तोच, प्रोग्रॅम तोच, कन्व्हर्जन टाइम तोच. छोटा पंखा लावला की पुन्हा तो कितीतरी कमी झाला. त्यामुळे "या सेन्सरचा वेग किती?" या प्रश्नाला "कशात?" हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. अहवालात प्रत्येक आकड्यापुढे माध्यम लिहिलं: फिरतं पाणी, स्थिर हवा, पंख्याची हवा.

आणि इथे वेग आणि अचूकता एकमेकांत मिसळतात, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तापमान एका दराने वाढत असेल तर सेन्सर त्या दर गुणिले टाइम कॉन्स्टंट इतका मागे राहतो. हवा मिनिटाला ०.२ अंशाने तापते आहे आणि टाइम कॉन्स्टंट पाच मिनिटांचा आहे, तर सेन्सर पूर्ण एक अंश मागे. कॅलिब्रेशनमध्ये मिळवलेली दशांशाची अचूकता इथे क्षणात वाहून जाते. उलटही खरं: २५ अंशांच्या खोलीतून ५ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवलेला असा प्रोब ०.१ अंशाच्या आत यायला टाइम कॉन्स्टंटच्या सव्वापाचपट, म्हणजे जवळजवळ अर्धा तास घेतो. फ्रिजमध्ये नवा प्रोब ठेवून पाच मिनिटांत रीडिंग लिहून घेणारे खूप जण पाहिले आहेत. तो आकडा प्रोबचा असतो, फ्रिजचा नाही.

हवेतली दुसरी गोष्ट म्हणजे सेन्सरची स्वतःची ऊब. डीएस१८बी२० मोजमाप करताना साधारण १ मिलिअँपिअर घेतो. ५ व्होल्टवर ते ५ मिलिवॉट झाले. पाण्यात ही उष्णता लगेच निघून जाते. स्थिर हवेत सतत वाचत राहिलं आणि मग मिनिटातून एकदाच वाचलं, तर सुट्या सेन्सरच्या आकड्यात मला दोन-तीन दशांशांचा फरक दिसला. फ्रिजसाठी सतत वाचायची गरजच नसते, म्हणून मिनिटाला एक रीडिंग ठेवलं. बोर्डावर व्होल्टेज रेग्युलेटर किंवा सदा पेटता दिवा असेल तर त्याचीही ऊब सेन्सरला लागते. दिवा काढून टाकणं उत्तम.

डीएचटी२२ पाण्यात बुडवता येत नाही. तो बंद डब्यात पंखा लावून पीटी१०० शेजारी तपासला. तापमानाला ठीक होता, पण त्याची आर्द्रता मोजायची खुबी इथे कामाची नव्हती, म्हणून यादीतून काढला.

मग बैठकीतल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार झालं आणि ते मला अपेक्षित होतं त्याहून वेगळं होतं. मी सर्वांत वेगवान सेन्सर शोधत होते. पण फ्रिजमध्ये जपायची असतात औषधं, हवा नव्हे. दार उघडलं की हवा क्षणात तापते आणि बंद केलं की परत थंड होते; बाटलीतलं औषध तेवढ्यात फारसं हलतही नाही. म्हणूनच लसींच्या फ्रिजमध्ये प्रोब ग्लायकॉल या दाट द्रवाच्या बाटलीत किंवा काचेच्या मण्यांत ठेवायची पद्धत आहे. तशी बाटली करून पाहिली, टाइम कॉन्स्टंट वीस मिनिटांच्या पुढे गेला आणि आलेखावरचे दाराचे सगळे टोकदार सुळके नाहीसे झाले. शेवटी दोन सेन्सर ठेवले. बाटलीतला टीएमपी११७ औषधाच्या तापमानासाठी, त्याच्यावर अलार्म. बाहेर हवेत सुटा डीएस१८बी२०, दार उघडं राहिल्याचं चटकन सांगायला. त्याच्यावर फक्त सूचना.

अलार्मच्या मर्यादाही यातूनच ठरल्या. करेक्शन लावल्यावर आमची एकूण अनिश्चितता ±०.१५ अंश धरली. म्हणून अलार्म २ आणि ८ वर न ठेवता २.२ आणि ७.८ वर ठेवला. अहवालासोबत प्रमाणपत्राची प्रत, प्रत्येक सेन्सरचा क्रमांक आणि चार बिंदूंवरचं करेक्शन, चाचणीची पद्धत आणि मूळ नोंदी जोडल्या. कार्यालयाने एकच शंका काढली: वगळलेली ८५.० ची रीडिंगं कुठे आहेत? ती वेगळ्या तक्त्यात होती, तो तक्ता जोडल्यावर अहवाल मंजूर झाला.

प्रत्येक सेन्सरच्या केबलवर क्रमांक, करेक्शन आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी पारदर्शक हीट-श्रिंकखाली बसवली आहे. स्टीलच्या नळीत केबलच्या तोंडातून ओलावा शिरतो आणि मग आकडा हळूहळू वाहवत जातो, म्हणून ते तोंड दर वेळी पाहायचं. दर सहा महिन्यांनी सगळे पुन्हा बर्फात. शून्यावरचा आकडा ०.१ अंशापेक्षा जास्त सरकला असेल तर नवं करेक्शन लिहायचं नाही, सेन्सर बदलायचा.